शेवटचा निरोप : कागद, जागा आणि खर्च



लग्नाची बोलणी आपण वर्षभर आधी करतो. नाताळच्या कार्यक्रमाची तयारी ऑक्टोबरातच सुरू होते. मरणाचा विषय निघाला, की मात्र घरातले कोणीतरी लगेच म्हणते, "नको ते बोलू नका." आपण पुनरुत्थानावर विश्वास ठेवणारी माणसे, तरी या एका बाबतीत आपणही गप्पच राहतो. या गप्प राहण्याची किंमत कोण मोजतो, ते मी डोळ्यांनी पाहिले, म्हणून हा लेख लिहीत आहे.

अक्कलकुवा तालुक्यातल्या एका पाड्यावर दोन वर्षांपूर्वी एक आई वारली. घरात चार माणसे आणि दीड एकर वनपट्टा. "ख्रिस्ती माणसाला पेटीशिवाय पुरत नाहीत," असे कोणीतरी सांगितले, म्हणून तालुक्याहून शवपेटी आणली. पाहुण्यांसाठी गाडी केली, चौकात फ्लेक्स लावला, तिसऱ्या दिवशी सगळ्या गावाला जेवण घातले. खर्च चाळीस हजारांच्या घरात गेला. पैसे आले ऊसतोडीच्या मुकादमाकडून, उचल म्हणून. ती उचल फेडायला अकरावीत शिकणारा थोरला मुलगा दिवाळीनंतर बारडोलीकडे कोयता घेऊन गेला. तो पुन्हा आश्रमशाळेत आला नाही. आईच्या मृत्यूची नोंद कोणी केलीच नव्हती, हे आम्हाला पुढच्या उन्हाळ्यात कळले.

त्या घरावर कोणी जुलूम केला नव्हता. सगळे प्रेमानेच चालले होते. पण दुःखाच्या पहिल्या दिवशी माणूस विचार करू शकत नाही. त्या दिवशी जो पुढे होतो, तोच सगळे ठरवतो. म्हणून तीन गोष्टी आधी माहीत हव्यात आणि शक्य तितक्या आधी ठरलेल्या हव्यात : कागद, जागा आणि खर्च.

पहिले काही तास

मृत्यू घरी झाला, आजारपणाने किंवा वयाने झाला, तर आधी आशाताई, नर्सबाई किंवा उपचार करणारे डॉक्टर यांना बोलवा. मृत्यू झाल्याची खात्री जाणकाराने करावी. मग पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीला कळवा. त्यानंतर मंडळीने दोन माणसे नेमावीत. एक कागदांच्या मागे राहील आणि दुसरा कबर, गाडी, पाणी, चहा पाहील. जवळच्या नातलगांना त्या दिवशी काम सांगू नये. त्यांना मयताजवळ बसू द्यावे.

मृत्यू दवाखान्यात झाला, तर मृत्यूचे कारण लिहिलेला वैद्यकीय दाखला मिळाल्याशिवाय निघू नका. तो विनामूल्य देणे डॉक्टरांवर कायद्याने बंधनकारक आहे. दाखल करताना सांगितलेले नाव तिथे जसे लिहिले असेल, तसेच पुढच्या सगळ्या कागदांवर जाते. म्हणून आधार कार्ड समोर ठेवून ते तपासा. १०८ ची रुग्णवाहिका आजारी माणसासाठी आहे, मृतदेहासाठी नाही. हे माहीत नसल्याने माणसे तासन्‌तास वाट पाहतात. शववाहिका वेगळी असते, तिच्याबद्दल दवाखान्यातच विचारा. नसेल, तर खासगी गाडीचे भाडे बसण्याआधी ठरवा, उतरल्यावर नाही.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो आणि पाड्यावर विजेचा भरवसा नसतो. सुरतेहून भाऊ येईपर्यंत थांबायचे, की संध्याकाळी माती द्यायची, हा निर्णय घरच्यांनी घ्यावा. पण तो लवकर घ्यावा. शीतपेटी मिळत असेल, तरी ती रात्रभर चालेल एवढी वीज आहे का, हे आधी पाहा.

सर्पदंश, अपघात, बुडणे

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. साप चावून, पाण्यात बुडून, विजेच्या धक्क्याने, विष पोटात जाऊन, झाडावरून पडून किंवा गाडीच्या धडकेने मृत्यू झाला असेल, तर पोलिसांना कळवल्याशिवाय माती देऊ नका, अग्नीही देऊ नका. पोलीस पंचनामा करतात, सरकारी दवाखान्यात शवविच्छेदन होते. त्यात एखादा दिवस जातो आणि तो दिवस फार जड असतो. "आमच्या माणसाला फाडू नका," असे आया हात जोडून म्हणतात. मी अशा आयांजवळ बसले आहे. त्यांना शांतपणे सांगावे लागते, की हा कागद नसेल तर या घराला पुढे काहीच मिळणार नाही.

शेतकरी किंवा त्याच्या घरातले एक माणूस अपघाताने किंवा सर्पदंशाने गेले, तर राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपयांची मदत आहे. तिचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत करायचा असतो. पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल नसेल, तर तो अर्ज उभाच राहत नाही. एकदा पुरलेली कबर पुन्हा उघडायची, तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. ती वेळ कोणावर येऊ नये.

एकवीस दिवसांचा कागद

मृत्यूची नोंद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे होते. २१ दिवसांच्या आत कळवले, तर शुल्क नाही. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क भरून नोंद होते. ३० दिवसांनंतर एक वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटले, की दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून हे काम जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यासाठी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी करतात. म्हणजे पहिल्या तीन आठवड्यांत एका फेरीत होणारे काम पुढे महिनोन्‌महिने मजुरी बुडवते.

नोंद कुठे होते? जिथे मृत्यू झाला, तिथे. माणूस धडगावचा असला आणि नंदुरबारच्या दवाखान्यात वारला, तर नोंद नंदुरबारला होते आणि ती करण्याची जबाबदारी दवाखान्याची असते. घरी मृत्यू झाला, तर कळवण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची असते आणि नोंद ग्रामपंचायतीत होते. मंडळ्यांच्या वडिलांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. दफनभूमी सांभाळणाऱ्यावरही मृत्यूची सूचना देण्याचे कर्तव्य कायद्याने टाकले आहे. आपल्या मंडळीची दफनभूमी असेल, तर तिची वही नीट ठेवणे हे नुसते देवळाचे काम नाही, ते सरकारदरबारीही लागते.

आता एक अडचण खास आपल्या लोकांची. बाप्तिस्म्याच्या वेळी नाव बदलते. मंडळीच्या वहीत "योहान" असतो, आधारवर "जोहन्या" असतो आणि वनपट्ट्यावर तिसरेच काहीतरी लिहिलेले असते. दुःखाच्या घाईत पाळकसाहेब मंडळीतले नाव सांगतात आणि तेच दाखल्यावर चढते. पुढे तलाठी म्हणतो, हा माणूस तो नव्हेच. म्हणून मृत्यूच्या नोंदीसाठी आधारवरचे आणि जमिनीच्या कागदावरचे नाव द्या. कबरेवरच्या क्रुसावर मात्र ज्या नावाने त्याला सगळे हाक मारत, तेच लिहा. तिथे कोणी आधार मागत नाही.

दाखल्याच्या चार-पाच प्रती घेऊन ठेवा. सातबारावर वारसांची नावे लावण्यासाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत कळवायचे असते. वनपट्टाही वारसाने पुढे जातो, फक्त तो विकता येत नाही. पतीपत्नी दोघांच्या नावाचा पट्टा असेल, तर विधवा बहिणीला हे स्पष्ट सांगा, की ती जमीन आधीपासूनच तिचीही आहे. दीर किंवा भाऊबंद काही वेगळे सांगत असतील, तर मंडळीने तिच्या बाजूला उभे राहावे.

कामाच्या गावी मृत्यू आला तर

आपली निम्मी माणसे दिवाळीनंतर घरी नसतात. कोणी गुजरातेत ऊस तोडतो, कोणी वीटभट्टीवर असतो, कोणी शहरात बांधकामावर. तिथे मृत्यू झाला, की मुकादम आणि मालक गाडी करून देह घाईघाईने गावी पाठवतात. कागद मागेच राहतात. मग गावची ग्रामपंचायत नोंद करू शकत नाही, कारण मृत्यू तिथे झालेलाच नसतो. गुजरातेतले गाव शोधत मृताची बायको फिरत राहते.

म्हणून टोळीबरोबर जाणाऱ्यांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवा. देह हलवण्याआधी दवाखान्याचा दाखला घ्यावा. अपघात असेल, तर पोलिसांचा पंचनामा आणि देह नेण्याची लेखी परवानगी घ्यावी. ज्या ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या हद्दीत मृत्यू झाला, तिचे नाव लिहून आणावे. एक माणूस मागे थांबून नोंद करून येऊ शकला, तर फार उत्तम. देह आणणे अशक्य असेल आणि तिथेच माती द्यावी लागली, तर जवळच्या गावातल्या मंडळीला फोन करा. अनोळखी भाऊबहिणी धावून आलेले मी पाहिले आहेत.

जागा

या भागावर मला सर्वांत जास्त लिहायचे आहे, कारण इथे आमच्याकडूनही चूक झाली आहे.

२०२५ च्या जानेवारीत शेजारच्या छत्तीसगडमधले एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. बस्तर जिल्ह्यातल्या एका गावचे ख्रिस्ती पाळक ७ जानेवारीला वारले. गावात त्यांना पुरायला विरोध झाला. मुलगा आधी उच्च न्यायालयात आणि मग दिल्लीला गेला. २७ जानेवारीला निकाल लागला, तेव्हा दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. न्या. नागरत्ना यांच्या मते त्या कुटुंबाला स्वतःच्या शेतात दफन करू द्यायला हवे होते. न्या. सतीशचंद्र शर्मा यांच्या मते दफन ठरवून दिलेल्या जागीच व्हायला हवे. देह आणखी पडून राहू नये म्हणून दोघांनी मिळून आदेश दिला, की दुसऱ्या गावी ख्रिस्ती लोकांसाठी असलेल्या दफनभूमीत माती द्यावी आणि सरकारने त्यासाठी संरक्षण व मदत पुरवावी. राज्यात ख्रिस्ती दफनासाठी जागा आखून देण्यासही सरकारला सांगितले. तीन आठवडे तो देह शवागारात होता.

हे वाचून राग येतो. मलाही आला. पण मग मला आमचा स्वतःचा एक दिवस आठवला.

काही वर्षांपूर्वी धडगावच्या बाजूला एक म्हातारे बाबा वारले. त्यांचा बाप्तिस्मा झालेला होता. दोन मुलांपैकी एक विश्वासात होता आणि दुसरा जुनी रीत पाळणारा. आम्ही कबर खोदायला घेतली, तशी गावातली माणसे जमली. "तुमच्या माणसाला तालुक्याच्या कबरस्तानात न्या," म्हणाली. तालुका चाळीस किलोमीटर लांब. मी पुढे झाले आणि राज्यघटना सांगू लागले. सन्मानाने अंत्यविधी होणे हा हक्क आहे, हे मी म्हणत होते ते खरेच होते. पण आवाज चढत गेले आणि बाबा मात्र तिरडीवर उन्हात पडून होते. शेवटी गावचे वृद्ध कारभारी काठी टेकत आले. ते आणि बाबा लहानपणी एकत्र गुरे चारायचे. ते भिलीत म्हणाले, "याला मी गावाबाहेर घालवणार नाही. पण बाई, दहा वर्षं तुम्ही इथे प्रार्थनेला येता. आमच्या माणसांना मरण येईल तेव्हा कुठे ठेवू, हे तुम्ही आम्हाला एकदा तरी विचारलंत का?"

आम्ही विचारले नव्हते. बाबांना गावाच्या जागेतच, कडेच्या मोहाच्या झाडाजवळ माती दिली. दोन्ही मुलांनी खांदा दिला. त्यानंतर ग्रामसभेत विषय मांडून, जागा मोजून, ठराव लिहून घ्यायला दीड वर्ष गेले. आज ती जागा सगळ्या गावाची आहे.

अब्राहामाची गोष्ट आपण रविवारच्या शाळेत शिकलो. सारा वारली, तेव्हा तो त्या देशात उपराच होता. तो हित्ती लोकांसमोर नमला आणि पुरण्यासाठी जागा मागितली. फुकट देतो म्हणाले, तरी त्याने घेतली नाही. वेशीत, सगळ्या गावाच्या देखत एफ्रोनाला ४०० शेकेल रुपे तोलून दिले. शेत, गुहा, हद्दीतली झाडे, सगळे साक्षीदारांसमोर पक्के झाले. पुढे याकोब मरताना आपल्या मुलांना मकपेलाच्या शेताची ओळख सांगतो, ती ऐकताना कोणी सातबारा वाचतो आहे असेच वाटते. आपल्या विश्वासाच्या पूर्वजांना वचनदत्त देशात मिळालेली पहिली जमीन कबरेची होती. आणि ती त्यांनी शेजाऱ्यांशी नम्रपणे बोलून, कागद पक्का करून घेतली.

तसेच आपणही करावे. स्मशानभूमी-दफनभूमीची सोय पाहणे हे ग्रामपंचायतीच्या कामांत येते आणि जिल्हा वार्षिक योजनेतून ग्रामपंचायतींना जनसुविधांसाठी जे अनुदान मिळते, त्यातून दहन-दफनभूमीची कामेही होतात. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा व्हायला हवी. आपला भाग पेसाखाली येतो, तिथे ग्रामसभेच्या शब्दाला अधिक वजन आहे. कोणी आजारी नसताना, कोणाचा राग नसताना, सणासुदीच्या चांगल्या दिवशी कारभारी, पोलीस पाटील आणि सरपंच यांच्याकडे जा. "आमची माणसे गेली, तर आम्ही त्यांना कुठे ठेवावे?" एवढेच विचारा. जागा ठरली, की ठराव लिहून घ्या आणि त्याची प्रत मंडळीच्या कपाटात ठेवा. जागा चढावर असावी आणि विहीर, झरा, नाला यांच्यापासून दूर असावी. स्वतःच्या शेतात दफन करण्याचा विचार असेल, तर ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयाची लेखी परवानगी आधी मागा.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. वनहक्क कायद्याच्या नियमांत सामूहिक दाव्याचा पुरावा म्हणून देवराई, पवित्र झाडे यांच्याबरोबर दफनाच्या आणि दहनाच्या जागाही धरल्या आहेत. पूर्वजांच्या कबरी म्हणजे हे गाव इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे याची साक्ष. त्या जुन्या जागांचा मान राखणे हे ख्रिस्ती कुटुंबांच्याही हिताचे आहे, कारण ते पूर्वज त्यांचेही आहेत.

माती की अग्नी?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात. आपल्या मंडळ्यांत दफनाची रीत आहे आणि ती सुंदर आहे. पेरलेल्या दाण्याचा पौलाचा दाखला कबरेजवळ उभे राहिल्यावरच खरा कळतो. पण अग्नी दिलेल्या देहाला देव उठवू शकत नाही, असे पवित्र शास्त्र कुठेही म्हणत नाही. रोमन कॅथलिक मंडळीनेही १९६३ मध्ये दहनाला मुभा दिली, अस्थी मात्र विखुरू नयेत, पवित्र जागी ठेवाव्यात असे सांगितले. मुंबईत जागेअभावी एकाच कबरेत पुन्हा पुरावे लागते. सातपुड्यात कित्येक ठिकाणी मोठ्या माणसाला अग्नी आणि लहान मुलाला माती देण्याची रीत आहे. मग घरातले अर्धे विश्वासात आणि अर्धे जुन्या रीतीचे असतील, तर काय करायचे?

माझे उत्तर साधे आहे. मृताने स्वतः काय सांगितले होते, ते आधी पाहावे. सांगितले नसेल, तर जोडीदार आणि मुले काय म्हणतात ते ऐकावे. खांदा देणे, माती लोटणे, पाणी देणे यांत भाऊबंदांना सामील करून घ्यावे. जे आपल्या विवेकाला पटत नाही, ते आपण करू नये, पण त्यावरून मयताच्या उशाशी वाद घालू नये. त्या दिवशी गावाला आपली शिकवण कळते ती आपल्या वागण्यातून.

खर्च

सुरुवातीच्या घराकडे पुन्हा येते. शवपेटी आवश्यक आहे, असे कुठेही लिहिलेले नाही. आपल्या प्रभूच्या देहाला तागाच्या कापडात गुंडाळून ठेवले होते. अरिमथाईकर योसेफाने पिलाताकडे जाऊन परवानगी मागितली, कापड आणले, स्वतःची कबर दिली. निकदेमाने सुगंधी द्रव्ये आणली. पाहा, परवानगी, कापड, जागा आणि हातभार, सगळे दोन शिष्यांनी वाटून घेतले. मरियेला काही कर्ज काढावे लागले नाही.

स्वच्छ पांढरे कापड, नवी चटई, बांबूची तिरडी आणि खोल कबर एवढे पुरेसे आहे. आपल्याकडे मुरुमाखाली कातळ लागतो. पहार, कुदळ, फावडे आणि आळीपाळीने खोदणारे आठ-दहा तरुण लागतात. पावसाळ्यात वर ताडपत्री बांधा, नाहीतर खोदताखोदता कबर पाण्याने भरते. माती दिल्यावर जनावरे उकरू नयेत म्हणून वर दगड रचा. फ्लेक्स नको. क्रूस मंडळीतला सुतार करील.

जेवणाबद्दल थोडे कडक लिहिते. दुःखाच्या घराने गावाला जेवण घालायचे, ही रीत उलटी आहे. दुःखाच्या घरी चूलच पेटू नये आणि पहिले तीन दिवस शेजाऱ्यांनी भाकरी न्यावी, ही आपल्या पाड्यांची जुनी, चांगली सवय आहे. तीच मंडळीने उचलून धरावी. सांत्वनाच्या प्रार्थनेला काळा चहा पुरतो. पाळकांनी आणि वडिलांनी हे स्वतःच्या घरापासून सुरू केले, तर गरिबाला लाज वाटणार नाही. एका मंडळीने असा ठरावच केला आहे, की श्रीमंत असो वा गरीब, सगळ्यांचा निरोप एकसारखा. दर घरामागे महिन्याला दहा रुपये आणि सुगीला एक पायली धान्य जमा होते. मृत्यू झाला, की त्या निधीतून त्याच दिवशी कापड आणि गाडीचे भाडे दिले जाते. त्या पाड्यावर तेव्हापासून मातीसाठी कोणी उचल घेतलेली नाही.

हक्काची मदत

माती झाल्यावर आठवड्याभरात घरातली पेटी उघडून पासबुक पाहा. मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापले गेले असतील, तर ती जीवन ज्योती विमा योजना असते. २० रुपये असतील, तर सुरक्षा विमा योजना. पहिलीत कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी आणि दुसरीत अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. खाते उघडताना बँकेने सही घेतलेली असते आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नसतो. बँकेत लगेच दावा करा. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये मिळतात. त्याचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. मृत व्यक्ती नोंदणी केलेली बांधकाम कामगार असेल, तर कामगार कल्याणकारी मंडळाकडून (५० ते ६० वयात मृत्यू झाल्यास) अंत्यविधीसाठी १०,००० रुपये आणि वारसाला वेगळी मदत आहे. या प्रत्येक अर्जाला पहिला जोडकागद एकच लागतो, मृत्यूचा दाखला.

आज काय करता येईल

माझे वडील शाळामास्तर होते. ते गेले, तेव्हा पवित्र शास्त्रात ठेवलेला एक अर्धा कागद सापडला. कोणती दोन गीते म्हणायची, साधी लाकडी पेटी घ्यायची, भाषणे नकोत, पासबुक कुठे आहे, किराणा दुकानाचे किती द्यायचे आहेत, एवढेच त्यावर होते. आम्हा भावंडांना त्या दिवशी काहीच ठरवावे लागले नाही. आम्ही फक्त रडलो. आईवडील मुलांना इतकी मोठी मोकळीक देऊन जाऊ शकतात, हे मला तेव्हा कळले.

तसा अर्धा कागद प्रत्येकाने लिहावा. लिहिता येत नसेल, तर नातवाकडून लिहून घ्यावा. त्यात पुढील गोष्टी असाव्यात :

१. आधार आणि जमिनीच्या कागदावर नाव कसे आहे.
२. कागदपत्रे आणि पासबुक कुठे ठेवले आहे, वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे.
३. माती की अग्नी, आणि कुठे.
४. कोणते गीत म्हणावे, प्रार्थना कोणी करावी.
५. कोणाचे देणे-घेणे आहे.
६. जेवणावळ आणि कर्ज नको, हे स्वतःच्या शब्दांत.

शहरातल्या वाचकांनीही आपल्या घरी हा कागद करावा, ही विनंती. आपली मंडळी एखाद्या पाड्याशी जोडलेली असेल, तर तिथे अंत्यविधीच्या सामानाचा एक संच द्यावा : पहार, कुदळ, फावडे, दोर, ताडपत्री, पांढऱ्या कापडाचा ठाण आणि एक कंदील. मंडळीच्या खोलीत तो पडून राहिला, तर देवाचे उपकार माना. लागला, तर त्या रात्री कोणी कोणाच्या दारात उचल मागायला जाणार नाही.

सुरुवातीला सांगितलेला तो मुलगा आता अठरा वर्षांचा आहे. आईच्या मृत्यूची नोंद दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने गेल्या पावसाळ्यात झाली. त्या फेऱ्यांत त्याची किती दिवसांची मजुरी बुडाली, हे त्याने आम्हाला सांगितले नाही आणि आम्हीही विचारायला धजलो नाही. यंदा बाहेरून बारावीचा फॉर्म भरायचा, असे तो म्हणतो आहे. त्याच्यासाठी प्रार्थना करा. आणि पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर दहा मिनिटे बसून आपल्या गावची जागा, आपला निधी आणि आपला अर्धा कागद, एवढ्यावर बोला.

प्रभूची शांती आपणां सर्वांबरोबर असो.